रकाना नववा

दोनशे सदतीस फॉर्म.
पुठ्ठ्याच्या खोक्यात, वरचं रबर तुटलेलं.
सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत सरासरी काढा,
कुलसचिवांकडे जायचंय, एकच पान पुरे.

दुसऱ्या मजल्यावरची विद्यार्थी-खोली.
आधी तीन बाकं, एक लंगडा कॅरम,
आणि पंखा, जो फक्त दोनवर फिरायचा.
आता काचेची भिंत, पोपटी बीनबॅग,
छतात लपवलेले दिवे
आणि दारावर पाटी: भिंतीत खिळे ठोकू नयेत.

प्रश्न एक, प्रकाश. बहुतेक चार.
प्रश्न दोन, बसण्याची सोय. चार, चार, पाच.
एकाने दोनला गोल करून लिहिलंय,
'उठायची सोय बघा.'
प्रश्न तीन, शांतता.
कलिन्यावरून दर दोन मिनिटांनी विमान उतरतं,
अर्धं वाक्य हातात धरून सगळे थांबतात, मग पुढे बोलतात.
त्यालाही तीन दिलेत पोरांनी.

फॉर्मवर नावं नाहीत.
पण हजेरीपट अकरा महिन्यांच्या करारावर मीच भरते,
अक्षरं ओळखू येतात.
हा तिरका 'र' वसईच्या तुस्कानोचा,
पहाटे साडेचारला घर सोडतो.
'आडवं पडू देत नाहीत. बाकावर चालायचं.'
ही हिरवी शाई शबिस्ताची.
'काचेतून सगळं दिसतं.
निकालाच्या दिवशी कुठे बसायचं?'
हे मी कुठल्या आकड्यात बसवू?

एका फॉर्मवर उत्तर एकही नाही,
फक्त पांढऱ्या बोटांचे ठसे. बोरिक पावडर.
कॅरम तर मार्चमध्येच भंगारात गेला.
म्हणजे कुठेतरी अजून खेळतायत.

जसुबेननेही फॉर्म भरला, माझ्याकडून लिहून घेतला.
झाडू भिंतीला टेकवून उभी राहिली, सांगत गेली:
बीनबॅगमधून साबुदाण्यासारखे दाणे गळतात,
झाडायला गेलं की उडतात,
सुपलीत काही येत नाहीत.
सर म्हणाले, ती वापरकर्ती नाही, बाजूला ठेवा.
ठेवला. माझ्या खणात आहे.

आणि रकाना नववा, इतर सूचना.
'पिशवीला खिळा.'
'एक खिळा प्लीज.'
'हेल्मेट कुठे ठेवू?'
'बटणांच्या बोर्डाशेजारी होता तसाच.'
एक्केचाळीस वेळा. मी दोनदा मोजलं.

होता खरा. वर वाकलेला, गंजका.
प्रयोगशाळेचे कोट, कुणाचा गळपट्टा,
एकदा तर वर्षभर एक निळी पिशवी लटकली होती,
जिची होती ती शिक्षण सोडून गेली,
कुणी ती काढली नाही.

गुरुवारी सहानंतर मी वर गेले, नुसतीच बघायला.
सोफ्यांनी काचेकडे पाठ केलेली.
खांबामागे, जिथे काच पोचत नाही,
तिथे चार फुटांत अकरा जणं.
उरलेली खोली
उजळ, मोकळी, महाग.

सरासरी आली तीन पूर्णांक नऊ.
खाली मी एक ओळ घातली: खिळा, एक्केचाळीस.
सरांनी लाल पेनाने विचारलं, हे काय?
काढली. पान गेलं.
वर शेरा पडला, समाधानकारक.

सोमवारी सकाळी
बोर्डाशेजारी खिळा.
खाली गिलाव्याचा एवढासा पापुद्रा,
जसुबेनने तो तेवढा झाडला नव्हता.
खिळ्यावर एक झोळी, झोळीवर जर्किन,
जर्किनवर हेल्मेट, सगळं एकमेकांच्या अंगावर.

साकीनाक्याचा कंत्राटदार येऊन भिंत बघून गेला,
वॉरंटी, वॉरंटी करत.
सर माझ्या टेबलाशी थांबले. कुणाचं काम?

खिळा तिरका आहे जरासा.
तो तिरकेपणा मी रोज हजेरीत बघते.

म्हटलं, फॉर्मवर नावं नसतात, सर.